शाळेचं रिपोर्ट कार्ड: कॅलिफोर्नियातला सार्क अहवाल काही महिने वापरल्यानंतर

कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक सरकारी शाळेला दरवर्षी १ फेब्रुवारीच्या आत स्वतःचं प्रगतिपुस्तक पालकांसमोर ठेवावं लागतं. त्याचं पूर्ण नाव स्कूल अकाउंटेबिलिटी रिपोर्ट कार्ड, पण शाळेत सगळे नुसतं सार्क म्हणतात. मुलगी चौथीत असताना फेब्रुवारीत मी तो पहिल्यांदा नीट वाचायला घेतला. आता ती पाचवीत आहे आणि अहवाल अजून माझ्या हाताशी असतो. प्रिन्सिपल बाईंना भेटताना, साइट कौन्सिलच्या, म्हणजे शाळेतले लोक आणि पालक यांच्या समितीच्या, बैठकीला जाताना मी तो सोबत घेते. इथल्या प्राथमिक शाळेत मुलं असलेल्या आपल्या मंडळींसाठी हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

मत आधीच सांगते. अहवाल फार कामाचा आहे, पण आपण तो उलट्या टोकाकडून वाचतो. उघडला की आधी परीक्षेचे आकडे शोधायचे, शेजारच्या शाळेशी ताडून बघायचे आणि बंद करायचा, अशी बहुतेकांची पद्धत असते. खरं बळ आहे ते त्याच्या पहिल्या भागात, जिथे शाळेची परिस्थिती लिहिलेली असते: शिक्षक कोण आहेत, पुस्तकं पुरतात का, इमारत कशी आहे. गुण बदलणं पालकांच्या हातात फारसं नसतं. परिस्थितीबद्दल मात्र प्रश्न विचारता येतो आणि त्याचं उत्तर देणं शाळेला भाग असतं.

याला इतिहास आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये इथल्या मतदारांनी प्रस्ताव ९८ मंजूर केला. त्याने सरकारी शाळांना राज्याच्या तिजोरीतून किमान निधीची हमी दिली आणि त्याच कायद्याने हा वार्षिक अहवालही बंधनकारक केला. नंतर २००० साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या विल्यम्स आडनावाच्या एका विद्यार्थ्याच्या नावाने राज्य सरकारविरुद्ध खटला उभा राहिला. घरी न्यायला पुस्तकं नाहीत, स्वच्छतागृहं बंद, वर्गात उंदीर, अशा तक्रारी होत्या. २००४ मध्ये त्यात तडजोड झाली. तेव्हापासून प्रत्येक मुलाला स्वतःचं पुस्तक, सुस्थितीतली इमारत आणि पात्र शिक्षक या तीन गोष्टींचा हिशेब शाळेला द्यावा लागतो, आणि सार्कमध्येही तो असतो. त्या मुलांनी मिळवलेला हा भाग आपण न वाचताच पुढे जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

इमारतीच्या तक्त्याकडे मी सगळ्यात जास्त वेळ दिला. त्यात आठ ओळी असतात. गॅस, हीटिंग-कूलिंग आणि सांडपाणी, वर्गांचा आतला भाग, स्वच्छता आणि किडे-उंदीर, वीज, स्वच्छतागृहं आणि पिण्याच्या पाण्याचे नळ, आग आणि घातक पदार्थांपासून सुरक्षितता, छप्पर आणि बांधकाम, शेवटी मैदान, खिडक्या, दारं, कुंपण. प्रत्येक ओळीपुढे गुड, फेअर किंवा पुअर यांपैकी एक खूण आणि तिच्या उजवीकडे काय दुरुस्त करायचं ते लिहायला जागा. आमच्या शाळेची एकंदर श्रेणी ‘गुड’ होती. फक्त नळांच्या ओळीत ‘फेअर’ होतं आणि उजवीकडे एवढंच: मागच्या इमारतीतल्या नळाला दाब कमी, वर्क ऑर्डर (दुरुस्तीची मागणी) दिली आहे. वर तपासणीची तारीख आदल्या उन्हाळ्यातली.

त्या नळावर तेव्हाही काळी प्लास्टिकची पिशवी चढवून चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्या बाजूच्या वर्गांतली मुलं मधल्या सुट्टीत पाण्यासाठी कॅफेटेरियापर्यंत जात आणि रांगेतच घंटा होई. मी तक्त्याची छापील प्रत घेऊन ऑफिसात गेले आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही वर्क ऑर्डर कुठपर्यंत आली? ऑफिसातल्या बाईंनी संगणकात शोधलं. ऑर्डर ‘पूर्ण’ म्हणून कधीच बंद झाली होती. माणूस येऊन बघून गेला असावा, सुटा भाग मागवायचा राहिला असावा, नक्की काय झालं ते कुणालाच सांगता येईना. त्यांनी माझ्यासमोरच नवी ऑर्डर टाकली, प्रिन्सिपल बाईंनी डिस्ट्रिक्टला, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेला, फोन केला, आणि काही आठवड्यांत नळ सुरू झाला. ‘नळ बंद आहे’ असं मुलं वर्षभर सांगतच होती. पण शाळेनेच लिहून दिलेली ओळ पुढे ठेवली तेव्हा काम हललं.

असं हललं नसतं तर? प्रत्येक वर्गात भिंतीवर विल्यम्स तक्रारीची सूचना लावलेली असते, तीही लावणं सक्तीचं आहे. पुस्तक कमी असेल, शिक्षकाची जागा रिकामी असेल किंवा इमारतीत आरोग्याला वा सुरक्षेला तातडीचा धोका असेल, तर त्या फॉर्मवर तक्रार करता येते, नाव न देताही. तक्रार रास्त ठरली तर कामाच्या ३० दिवसांच्या आत उपाय व्हायला हवा आणि नाव देऊन उत्तर मागितलं असेल तर ४५ कामाच्या दिवसांत ते मिळायला हवं. साध्या चौकशीने काम होत असेल तर फॉर्म भरायची घाई करू नये असं माझं मत आहे, पण तो आहे हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

पुस्तकांचा तक्ता सरळ आहे: विषय, पुस्तक कोणतं, कोणत्या वर्षी स्वीकारलं, आणि किती टक्के मुलांकडे स्वतःची प्रत नाही. आमच्याकडे शेवटच्या रकान्यात सगळीकडे शून्य होतं आणि मुलीच्या दप्तरावरून ते खरंही होतं. शाळा सुरू झाल्यापासून आठव्या आठवड्याच्या अखेरपर्यंत डिस्ट्रिक्टच्या बोर्डाला पुस्तकांबद्दल जाहीर सुनावणी घ्यावी लागते. कुणाच्या शाळेत पुस्तकांची ओढाताण असेल तर बोलायची जागा ती.

शिक्षकांच्या तक्त्यात पूर्ण पात्रता असलेले, प्रशिक्षण अजून चालू असलेले इंटर्न, चुकीच्या जागी नेमलेले आणि स्वतःच्या विषयाबाहेर शिकवणारे अशी विभागणी येते. इथे अहवालाची मोठी उणीव दिसते. ही माहिती जुनी असते. फेब्रुवारीत हातात पडलेल्या अहवालात शिक्षकांचे आकडे मागच्याही मागच्या वर्षांचे होते, आणि दरम्यान आमच्या शाळेतल्या कितीतरी बाई बदलून गेल्या होत्या. त्यामुळे या तक्त्यावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा तो दाखवून ‘आज किती जागा रिकाम्या आहेत आणि लाँग-टर्म सब (दीर्घकाळ नेमलेले बदली शिक्षक) किती वर्गांवर आहेत?’ असं थेट विचारावं. प्रिन्सिपल बाईंनी मला लगेच आणि मोकळेपणाने सांगितलं.

वर्गातल्या मुलांच्या संख्येचंही तसंच. सरासरी एका रकान्यात असते, पण शेजारी २० पर्यंतचे, २१ ते ३२ चे आणि ३३ च्या वरचे वर्ग किती तेही असतं, ते बघावं. तिसरीपर्यंत वर्गाची सरासरी २४ च्या आसपास ठेवण्यासाठी डिस्ट्रिक्टला जास्तीचा निधी मिळतो, चौथीपासून तो नाही. चौथीत गेल्यावर वर्ग एकदम भरलेला का वाटतो, हे मला या तक्त्यामुळे समजलं.

मदतनीस कर्मचाऱ्यांचा तक्ता छोटा आहे, पण मनाला लागणारा. समुपदेशक, ग्रंथपाल, मानसशास्त्रज्ञ, नर्स, स्पीच थेरपिस्ट, प्रत्येकापुढे एक आकडा. आमच्या शाळेत नर्सपुढे ०.२ होतं. म्हणजे पाच दिवसांतला एक दिवस. बाकीचे चार दिवस मुलाला दम लागला तर इनहेलर द्यायला ऑफिसातल्या बाईच असतात. त्या जीव ओतून करतात, त्यांना प्रशिक्षणही दिलेलं असतं, पण त्या नर्स नाहीत. ज्यांच्या मुलांना दमा आहे, शेंगदाण्याची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी हा आकडा सगळ्यात आधी शोधावा आणि नर्स कोणत्या वारी येते ते विचारून ठेवावं. मी हा प्रश्न साइट कौन्सिलमध्ये मांडला. प्राथमिक शाळेत या कौन्सिलमध्ये निम्मे शाळेतले आणि निम्मे पालक असतात, बैठका खुल्या असतात आणि शाळेच्या वार्षिक योजनेवर ते मत देतात. नर्सचे दिवस अजून वाढलेले नाहीत. पण प्रत्येक वर्गात कुणाला काय द्यायचं याच्या सूचना नव्याने लिहिल्या गेल्या, आणि मागणी पुढच्या योजनेच्या चर्चेत नोंदली गेली.

आता परीक्षेचे आकडे. तिसरी ते आठवी इंग्रजी आणि गणित, पाचवीला विज्ञान. शाळा, डिस्ट्रिक्ट आणि राज्य यांचे टक्के शेजारी शेजारी. पहिली-दुसरीच्या पालकांना यातून काहीच कळत नाही, कारण त्या मुलांची ही परीक्षाच नसते. ज्या गटात दहा किंवा त्याहून कमी मुलं आहेत तिथे मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून आकड्याऐवजी दोन रेघा दिसतात, म्हणून रेघा बघून घाबरू नये. टक्क्यांचं गणितही समजून घ्यावं लागतं. परीक्षेला ५० मुलं बसली तर एक मूल म्हणजे २ टक्के. ‘शाळा चार टक्क्यांनी घसरली’ म्हणून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केवढी चर्चा झाली, पण अशा शाळेत ती दोन मुलं असतात. शिवाय अपेक्षित पातळीच्या अगदी खाली राहिलेलं मूल आणि खूप मागे असलेलं मूल या टक्क्यात सारखंच दिसतं, आणि यंदाची तिसरीची मुलं मागच्या वर्षीची नसतातच. यापेक्षा राज्याचा स्कूल डॅशबोर्ड बरा. २०१७ पासून तो लाल ते निळा अशा पाच रंगांत शाळेची सद्यस्थिती आणि मागच्या वर्षापासूनचा बदल, दोन्ही मिळून दाखवतो. सरासरी मूल अपेक्षित पातळीपासून किती गुणांनी वर किंवा खाली आहे तेही त्यात कळतं. सार्क आणि डॅशबोर्ड दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावेत.

घर घेताना तिथल्या शाळेला संकेतस्थळांवर दहापैकी किती गुण आहेत, एवढंच बघणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. असे आकडे बऱ्याच अंशी त्या भागातल्या पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न सांगतात. वर्गात रोज काय चालतं ते त्यात दिसत नाही. शाळा निवडताना निदान दोन शाळांच्या सार्कमधले इमारतीचे आणि कर्मचाऱ्यांचे तक्ते तरी ताडून बघा. राज्याने ठरवून दिलेल्या नमुन्यात अहवाल असल्याने तुलना सोपी जाते.

गैरहजेरीचा तक्ता आपल्याला जास्त लागू आहे. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस मूल आलं नाही तर ते ‘क्रॉनिक अ‍ॅबसेंट’ धरलं जातं. १८० दिवसांच्या वर्षात ते १८ दिवस होतात. आजारपणाची चिठ्ठी दिलेले दिवसही त्यात मोजले जातात. भारतात जाताना हिवाळ्याच्या सुट्टीला पुढे तीन आठवडे जोडले की १५ दिवस तिथेच गेले, मग एक मोठा ताप आला की मूल त्या यादीत. आमच्या शाळेत हा आकडा डिस्ट्रिक्टपेक्षा वर होता, आणि आमच्यासारख्या कुटुंबांच्या लांब सहलींचा त्यात वाटा आहे असं प्रिन्सिपल बाई म्हणाल्या. आजी-आजोबांना भेटायला जाऊ नका असं कुणी म्हणत नाही. निघायच्या बऱ्याच आधी ऑफिसात जाऊन इंडिपेंडंट स्टडीचा, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास करण्याचा, करार करावा. ठरलेला अभ्यास पूर्ण करून दिला तर ते दिवस हजेरीत धरता येतात.

खर्चाचा भाग मला फार उपयोगी पडला नाही. आकडे जुने, आणि दोन शाळांमधला फरक बराचसा ज्येष्ठ शिक्षक कुठे जास्त आहेत यावर ठरतो. शारीरिक क्षमतेच्या चाचणीत पाचवीची किती मुलं सहभागी झाली एवढंच असतं, निकाल नसतो. पालकांच्या सहभागाबद्दलचा परिच्छेद मात्र खटकला. मागच्या वर्षीच्या अहवालाशी ताडून बघितला तर शब्द न् शब्द तोच, बंद पडलेल्या एका उपक्रमासकट. पालकांसाठी लिहिलेला भाग तरी दरवर्षी नव्याने लिहायला हवा. मी हे कौन्सिलमध्ये सांगितलं आहे आणि पुढच्या मसुद्यावर आम्ही दोन पालक बसणार आहोत.

भाषेचाही प्रश्न आहे. शाळेतल्या १५ टक्के किंवा जास्त मुलांची घरची भाषा एकच असेल तर अहवाल त्या भाषेतही द्यावा लागतो. मराठी त्या आकड्याला पोचणं अवघड आहे. म्हणून आमच्या ओळखीच्या काही पालकांसाठी, विशेषतः नुकत्याच आलेल्यांसाठी, मी इमारत, नर्स आणि गैरहजेरीचे तक्ते मराठीत लिहून ग्रुपवर टाकले. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते नर्सबद्दल.

तुमच्या शाळेचा सार्क शाळेच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर असेल. स्क्रीनवर तक्ते वाचणं जड जात असेल तर ऑफिसात छापील प्रत मागा, मागणाऱ्याला ती द्यावी लागते. हातात आली की इमारतीच्या तपासणीची तारीख आधी बघा आणि ‘फेअर’ किंवा ‘पुअर’ लिहिलेली प्रत्येक जागा एकदा मुलासोबत चालून पाहा.