व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो १७: व्हीएमची हार्डवेअर आवृत्ती खाली आणण्यासाठी कितपत कामाचं?

व्हीएम (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) नव्या वर्कस्टेशनवर बनवायचं आणि चालवायचं जुन्या ईएसएक्सआय होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सर्व्हरवर), असं काम असेल तर यातला 'चेंज हार्डवेअर कम्पॅटिबिलिटी' विझार्ड खरोखर मोलाचा आहे. ईएसएक्सआय सांभाळणाऱ्या व्हीस्फिअर क्लायंटमधून हार्डवेअर आवृत्ती, म्हणजे व्हीएमला कोणती आभासी उपकरणं मिळतील ते ठरवणारा आकडा, फक्त वर नेता येते. इथे ती खालीही आणता येते आणि नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरालाही पैसे पडत नाहीत.

अडतं ते आकड्यावर. वर्कस्टेशन १७ मधलं नवं व्हीएम, वेगळं काही निवडलं नाही तर, किमान २० व्या हार्डवेअर आवृत्तीचं असतं. अपडेट न केलेल्या ईएसएक्सआय ७.० ला १७ पर्यंत चालते, ६.७ ला १४, ६.५ ला १३. आकडा होस्टच्या मर्यादेपलीकडे गेला की व्हीएम सुरूच होत नाही. म्हणून ६.७ साठी विझार्डमध्ये 'वर्कस्टेशन १४' निवडायचं.

आधी व्हीएम पूर्ण शटडाउन करा, सस्पेंड करून भागत नाही. मग 'व्हीएम' मेनूतल्या 'मॅनेज'मधून विझार्ड उघडा. आवृत्ती निवडली की कोणत्या मर्यादा येतील त्याची यादी दिसते. बरेच जण ती न वाचता पुढे जातात आणि तिथेच फसतात. पुढच्या पायरीवर नेहमी नवा क्लोन (व्हीएमची पूर्ण प्रत) बनवण्याचा पर्याय घ्या. तेवढी डिस्क मोकळी लागते, पण मूळ व्हीएम शाबूत राहतं.

गेस्टच्या (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) आतली तयारी मात्र विझार्ड करत नाही. एनव्हीएमई कंट्रोलर (डिस्क जोडण्याचा नवा, वेगवान प्रकार) १३ पासून आणि व्हर्च्युअल टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी आभासी चिप) १४ पासून मिळतो. त्याखाली जायचं तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की जवळ ठेवून आधी एन्क्रिप्शन काढा, मगच टीपीएम. विंडोजची बूट डिस्क एनव्हीएमईवरून थेट साटावर (डिस्क जोडण्याच्या जुन्या प्रकारावर) हलवली तर निळा पडदा येऊ शकतो, कारण साटाचा ड्रायव्हर बूटच्या वेळी सुरू होत नाही. आधी एक छोटी रिकामी डिस्क साटावर जोडून विंडोज एकदा चालू करा. ड्रायव्हर बसला की बंद करून मुख्य डिस्क हलवा.

आवृत्ती वर नेताना क्रम पक्का ठेवा: आधी व्हीएमवेअर टूल्स (गेस्टमध्ये बसणारा ड्रायव्हरांचा संच) अद्ययावत, नंतर हार्डवेअर. उलट केलं तर नव्या उपकरणांना ड्रायव्हरच सापडत नाहीत. विंडोज कधी नेटवर्क कार्ड नवं समजतं आणि स्थिर आयपी जुन्या, लपलेल्या कार्डाकडेच राहतो. तो आधी टिपून ठेवा.

डिस्कचं स्वरूप न बदलणं ही या विझार्डची मोठी उणीव. वर्कस्टेशनची डिस्क फाइल जशीच्या तशी ईएसएक्सआयवर टाकू नका, ओव्हीएफ (व्हीएम एका जागेहून दुसरीकडे नेण्याचं फाइल-स्वरूप) एक्स्पोर्ट करून तिथे डिप्लॉय करा. व्हीएमएक्स फाइलमधला (व्हीएमच्या सेटिंग्जच्या फाइलमधला) आवृत्तीचा आकडा हाताने बदलायचा सल्लाही बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो टाळा. आकडा बदलला तरी नव्या उपकरणांच्या ओळी फाइलमध्ये तशाच राहतात आणि जुना होस्ट त्यांवर अडतो.