मेसच्या भिंतीवरचं दुसरं कॅलेंडर

आमच्या मेसच्या भिंतीवर आजवर एकच कॅलेंडर असायचं, कालनिर्णय. माझा सगळा कारभार त्याच्यावर चालतो. कुणाचा किती दिवस खाडा, गॅसची टाकी कधी लावली, दूधवाल्याला किती दिले, एकादशीला साबुदाणा किती भिजवायचा, सगळं त्या चौकटींमध्ये. कोल्हापुरात विद्यापीठाच्या बाजूला २२ वर्षं मेस चालवते. दुपारी ३४ ताटं, रात्री तीसेक, वर डबे. कॅलेंडर कसं असावं हे मला चांगलं कळतं, म्हणून हे लिहायला बसले.

यंदा जानेवारीत आमच्या थोरल्यानं पुण्याहून एक कॅलेंडर आणलं. तिथल्या चार-पाच पोरापोरींनी मिळून छापलेलं आहे, २८० रुपयांचं. १२ पानं, आणि प्रत्येक पानावर समलिंगी किंवा तृतीयपंथी असं एक नावाजलेलं माणूस. फोटो नाहीत, हातानं काढलेली चित्रं आहेत. खाली त्या माणसाबद्दल पाच-सहा ओळी मराठीत. गुंडाळी माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "आई, आवडलं तर लाव, नाहीतर राहू दे कपाटात." तो समलिंगी आहे हे त्यानं मला २०१९ च्या दिवाळीत सांगितलं होतं. त्या दिवशी मी करंज्या तळत होते आणि माझ्याकडून एक घाणा करपला. एवढ्या वर्षांनंतरही "राहू दे कपाटात" असं त्याला म्हणावं लागलं, हे मला फार लागलं. संध्याकाळी ताटं वाढायच्या आधीच मी कालनिर्णयच्या शेजारी दुसरा खिळा ठोकला.

आता वस्तूबद्दल. कागद जाड आणि गुळगुळीत आहे. दहा महिने फोडणीची वाफ खाऊनही रंग उतरला नाही, ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतं. वरची तारेची गुंडाळी मजबूत आहे, पान उलटताना फाटत नाही. पण त्याच गुळगुळीतपणामुळं बॉलपेन चालत नाही. शाई धरतच नाही, खाडा लिहिला तर दुसऱ्या दिवशी पुसट. मला त्याच्यासाठी वेगळा मार्कर आणावा लागला. चौकटी मात्र मोठ्या आहेत, एका चौकटीत चार नावं आरामात मावतात. तिथी नाहीत, एकादशी-चतुर्थी नाही, त्यामुळं मेसवाल्यांनी हे एकटं लावून भागणार नाही. पाठीमागची बाजू कोरी सोडलीय. तिथं दुधाचा हिशोब छापला असता तर बरं झालं असतं.

जानेवारीचं पान अंजली पाटील यांचं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली गावच्या तृतीयपंथी. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्यांनी बाईसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला तो बाद झाला. मग त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टानं लढायची परवानगी दिली, आणि त्या निवडून आल्या. पहिलं पान म्हणून यांना घेतलं हे मला फार पटलं. माझ्याकडं जेवणारी पोरं राधानगरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड अशी खेड्यांतून आलेली. त्यांना सिनेमातलं काही सांगितलं तर ती हसतील, पण वॉर्ड, राखीव जागा, अर्ज बाद झाला, पॅनल हे सगळं त्यांच्या घरातलं बोलणं. पहिल्याच रात्री दोन टेबलांवर वाद सुरू झाला, की अर्ज बाद करणारा अधिकारी बरोबर की चूक. त्या वादात अंजलीताई "ती बाई" होत्या, "तो" कुणी म्हणालं नाही. मी भाकरी वाढत ऐकत होते.

फेब्रुवारीत वेंडेल रॉड्रिक्स. मुंबईत जन्मलेला, गोव्यात कोलवाळला राहिलेला कपड्यांचा कलाकार, २०१४ चा पद्मश्री. त्यांचं जाणं १२ फेब्रुवारी २०२० चं, म्हणून ते या महिन्यात. मला साड्यांचं वेड, त्यामुळं त्यांची कुणबी साडीची गोष्ट मी दोनदा वाचली. गोव्यातल्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची साडी मागं पडत चालली होती, ती यांनी पुन्हा विणून घेतली आणि मोठ्या लोकांच्या कार्यक्रमात आणली. चित्रातही मागं दोरीवर ती साडी वाळत घातलीय. आणि शेवटच्या ओळीत साधं लिहिलंय, की २००२ मध्ये त्यांनी फ्रेंच जोडीदार जेरोम यांच्याबरोबर फ्रान्सच्या कायद्याप्रमाणं नातं नोंदवलं. त्या महिन्यात थोरला सुट्टीला आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा जोडीदारही होता. त्या पोराला चहा देताना माझ्या तोंडून "तुझ्या मित्राला" असं जायचं ते गेलं नाही. एवढंच सांगते.

एप्रिलचं पान गौरी सावंत यांचं, त्याही तृतीयपंथी. आमच्या पोरांना त्या ओळखीच्या. २०१७ ची व्हिक्सची जाहिरात बऱ्याच जणांनी पाहिलेली, गायत्री नावाच्या मुलीला गौरीताई आई होऊन वाढवतात ती. मुलगी बसमधून बोर्डिंगला निघालेली असते, आणि आईला वाटतं डॉक्टर व्हावं तरी ती म्हणते मी वकील होणार. पण कॅलेंडरवाल्यांनी जाहिरात एका ओळीत संपवून मुंबईत मालवणीला असलेल्या त्यांच्या सखी चारचौघी या संस्थेच्या कामाला जास्त जागा दिलीय. हे बरं केलं. २०१९ मध्ये निवडणूक आयोगानं त्यांना महाराष्ट्रात मतदार जागृतीसाठी सदिच्छादूत केलं, हेही आहे. आणि १५ एप्रिलच्या चौकटीत बारीक अक्षरात २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची नोंद, ज्यानं तृतीयपंथी ही ओळख मान्य केली. त्या खटल्यात ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी त्रिपाठीही होत्या, त्यांना ऑगस्टचं पान आहे.

याच एप्रिलमध्ये एका पोराचे वडील महिन्याचे पैसे द्यायला आले. बघून म्हणाले, "ताई, खायच्या जागेत हे कशाला लावलंय?" मी म्हटलं, "आमच्या घरचं आहे, म्हणून लावलंय." ते गप्प बसले. पैसे मोजून दिले, पाणी प्याले, गेले. मुलगा अजून माझ्याकडंच जेवतो.

डिसेंबरचं पान मी जानेवारीतच उलटून पाहिलं होतं, खरं तर त्याच पानासाठी हे कॅलेंडर माझ्या मनात बसलं. बिंदुमाधव खिरे. आडनाव वाचूनच मी थांबले. खिरे म्हणजे आमच्या पाठीमागच्या गल्लीतही असू शकतात. इंजिनीअर झालेला, अमेरिकेत नोकरी केलेला, परत येऊन २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढणारा, फोनवर लोकांची दुःखं ऐकणारा, आणि समलिंगी माणसांबद्दल सोप्या मराठीत पुस्तकं लिहिणारा माणूस. अशा मुलांच्या आईवडिलांचे अनुभवही त्यांनी पुस्तकात आणलेत. डिसेंबर २०११ मध्ये पुण्यात पहिल्यांदा समलिंगी-तृतीयपंथी लोकांची अभिमान पदयात्रा निघाली, तिच्यामागंही तेच. २०१९ ला थोरल्यानं मला सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कुणाचंच तोंड येईना. सिनेमात टाळ्या वाजवणारे, कमरेत लचकणारे, लोकांना हसवायला ठेवलेले, तेवढेच मी पाहिलेले. माझं पोरगं तर तसं नव्हतं. मग ते कसं होतं, हे विचारायला माणूस नव्हतं. पुण्यात १७ वर्षं आधीपासून एक संस्था होती, मराठीत पुस्तकं होती, आणि कोल्हापुरातल्या माझ्या भिंतीपर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. मी तीन महिने रात्रीची झोपले नाही. कुणीतरी हे पान तेव्हा दाखवायला पाहिजे होतं.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही मनापासून आहेत.

पहिली, "पहिल्या" हा शब्द. १२ पैकी सात पानांवर तो आहे. पहिल्या तृतीयपंथी अमुक, पहिल्या समलिंगी तमुक. पहिलं असणं मोठं आहे, मान्य. पण तमिळनाडूच्या नृत्यांगना नर्तकी नटराज यांच्या पानावर "पद्मश्री मिळवणाऱ्या पहिल्या तृतीयपंथी" एवढं दोनदा लिहिलंय आणि भरतनाट्यमबद्दल एक ओळ. आयुष्यभर पायांत घुंगरू बांधून मिळवलेली कला, तिच्याबद्दल आणखी सांगा की. पोरांनी विचारलं, "काकी, या नाचतात म्हणजे काय नाचतात?" तर मला सांगता येईना.

दुसरी तक्रार बायकांची. बाईवर प्रेम करणाऱ्या बायका फक्त दोन पानांवर आहेत. जुलैला ओडिशाची धावपटू द्युती चंद, जिनं २०१९ च्या मे महिन्यात आपलं एका मुलीशी नातं आहे हे जाहीर सांगितलं आणि त्याच जुलैत इटलीत विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरला सोनं आणलं. विणकराची मुलगी. आणि सप्टेंबरला मेनका गुरुस्वामी आणि अरुंधती काटजू, दोघी वकील. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढल्या, ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला, आणि पुढच्या वर्षी दोघींनी सांगितलं की आम्ही जोडीदार आहोत. चित्रात दोघी काळ्या कोटात, बॅंड बांधलेल्या, हातात फायली. उत्तम पान आहे. पण महाराष्ट्रातली बाई एकही नाही. माझ्याकडनं डबा नेणारी एक मुलगी आहे. ती सप्टेंबरभर डबा घ्यायला आली की दोन मिनिटं जास्त थांबायची. एकतीस ऑगस्टला मी रात्रीच पान उलटलं होतं, आणि एक ऑक्टोबरला मी ते मुद्दाम चार दिवस उलटलं नाही. पुढच्या वर्षी त्या मुलीसाठी एक पान सातारा, सांगली, नाशिक, कुठल्या तरी गावचं पाहिजे. छापणाऱ्यांना मी तसं फोन करून सांगितलंय.

आता नोव्हेंबर चालू आहे. मंजम्मा जोगती. बेल्लारी जिल्ह्यातल्या. यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगतींचा नाच त्यांनी दारोदारच्या जोगव्यातून रंगमंचावर नेला, कर्नाटकच्या जानपद म्हणजे लोककलेच्या अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. ९ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेल्या तेव्हा आधी पदर घेऊन राष्ट्रपतींची दृष्ट काढली. चित्रात नेमका तोच क्षण आहे, पदराचं टोक हातात आणि हात पुढं. चित्र काढणाऱ्या मुलीनं पदर हिरवा आणि बांगड्या काचेच्या काढल्यात, मनगट जाडजूड ठेवलंय. ते मनगट लपवलं नाही म्हणून मला ती मुलगी फार आवडली.

आम्हा कोल्हापूरकरांना जोगते काय नवे नाहीत. दरसाल इथून सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गाड्या भरून जातात. मी लहान होते तेव्हापासून मंगळवारी, शुक्रवारी दारात चौंडक्याचा आवाज आला की आई सुपात पीठ घेऊन बाहेर जायची. "उदं गं आई उदं" म्हणत डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली घेतलेला जोगत्या, लुगडं नेसलेला, कपाळभर भंडारा. पाया पडायचं, पीठ घालायचं, दार लावायचं. इतकी वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होते. आई गेली, मी म्हातारी व्हायला आले, पण त्यांच्यातल्या एकाचंही नाव आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. मंजम्मांचं नाव, गाव, गुरू कोण, कुठलं पद, कुठली तारीख, हे सगळं त्या पानावर छापलेलं वाचताना मला हे पहिल्यांदा जाणवलं.

पाच पैकी चार देईन. अर्धा पेनासाठी कापला, अर्धा "पहिल्या"साठी. बायकांच्या पानासाठी कापत नाही, कारण पुढच्या वर्षी ते करतील असं त्यांनी मला सांगितलंय. मेसवाल्यांनी, दवाखान्यांनी, सलूनवाल्यांनी, जिथं माणसं दहा मिनिटं बसून भिंतीकडं बघतात त्या सगळ्यांनी घ्यावं. मी पुढच्या सालाच्या दोन प्रती सांगितल्यात, एक माहेरी बहिणीकडं द्यायला.

गेल्या शुक्रवारी आमच्या दारात येणारी जोगतीण आली. दहा-बारा वर्षं तीच येते. मी तिला आत बोलावलं, ती उंबऱ्याशी बसली. भिंतीवरचं चित्र दाखवलं तर लांबूनच म्हणाली, "आमची मंजम्मा न्हवं का ही?" तिला वाचता येत नाही, पण चेहरा ओळखला. मी जेवायचं ताट वाढलं आणि तिचं नाव विचारलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, थोडी थांबली, मग सांगितलं. आता त्या शुक्रवारच्या चौकटीत वर दोन पोरांचे खाडे आहेत आणि खाली मार्करनं तिचं नाव.