बटणाचा ब्रश बरा, पण घ्यायचा तर आधी स्टीलचा कंगवा घ्या

लातूरच्या बाजारातून साडेतीनशेला स्लिकर ब्रश आणला. वाकड्या बारीक तारांचा, मागं बटण. दाबलं की अडकलेले केस पापुद्र्यासारखे सुटून येतात. दुकानदार म्हणाला, 'ताई, कुठल्याही कुत्र्याला चालतो.' नाही चालत.

आमच्याकडं दोन आहेत. चिंगी, जिला सगळे पामेरियन म्हणतात पण आहे इंडियन स्पिट्झ, आणि चाकूर तालुक्यातल्या जानवळचा पश्मी जातीचा शिकारी कुत्रा, भुऱ्या.

चिंगीला ब्रश झकास. तिच्या अंगावर वर लांब केस, खाली दाट मऊ लव. होळीच्या सुमाराला ती लव सुटते आणि पोह्यांत सुद्धा सापडते. पण वरवर ब्रश फिरवून काही होत नाही. एका हातानं केस उलटे धरायचे, कातडी दिसू द्यायची, आणि थोडे थोडे केस खाली सोडत विंचरायचं. मग दीडशेचा स्टीलचा कंगवा, अर्धा विरळ, अर्धा दाट दातांचा. कानामागं, काखेत, मांडीच्या मागं तो अडकला की समजायचं, ब्रशनं फसवलं.

भुऱ्याची कातडी पातळ, केस आखूड. झालर फक्त कानाला, शेपटीला, पायांमागं. या ब्रशच्या तारांना टोकाला गोळ्या नाहीत, म्हणून त्या टोचतात. विकत घेण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. भुऱ्या पहिल्या फटक्यालाच बाजेखाली शिरला. त्याला रबरी हातमोजा आणि झालरीला कंगवा, बास.

मामंजींचं दर उन्हाळ्यात एकच, 'मेंढरागत भादरून टाक की तिला!' स्पिट्झला तसं करू नये. वरचे केस ऊन अडवतात, ते गेले की कातडी भाजते, आणि परत नीट येतीलच असं नाही. खालची लव काढली की पुरे.

आंघोळीचं म्हणाल तर २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात कुत्र्यावर बादल्या कोण ओतणार? विंचरून बरीच धूळ जाते. घालायचीच तर आधी विंचरा, गुंता भिजला की आणखी आवळतो.

सोयाबीन निघाल्यावर भुऱ्या रानातून कुसळं आणि गोखरू घेऊन येतो. तेव्हा कंगवाच लागतो, बोटांच्या बेचक्या मात्र हातानंच चाचपाव्या लागतात, कारण कुसळ कातडीत घुसतं. गोचीड दिसली तर कंगव्यानं ओरबाडू नका, रॉकेल तर नकोच. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची.

ब्रशला पाचपैकी तीन. एक गुण बटणापायी गेला: आत केस जाऊन स्प्रिंग अडकते, आणि आता मी ब्रशमधले केस कंगव्यानंच काढते.