नर्मदेच्या नळाला आरओ: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरच्या महाराणी रोडवरील एका दुकानातून आम्ही साडेचौदा हजारांचे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेतले, ज्यात आरओ (पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढणे), यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणे) आणि यूएफ (अतिसूक्ष्म गाळणी) अशा तिन्ही सोयी आहेत. कंपनीचे नाव देत नाही, कारण इतर कंपन्यांची यंत्रेही कमीअधिक फरकाने असेच काम करतात.

खरेदी झाली ती एका प्रयोगामुळे. विक्रेत्याने आमच्याच घरून मागवलेले नळाचे पाणी एका पेल्यात आणि यंत्राचे पाणी दुसऱ्या पेल्यात घेऊन दोन्हींत विजेच्या कांड्या सोडल्या. दोन मिनिटांत नळाचे पाणी तपकिरी झाले, वर फेसाळ गाळ तरंगू लागला आणि दुसरा पेला मात्र जसाच्या तसा राहिला. ‘आंटीजी, हे तुम्ही रोज पिता,’ असे त्याने म्हटल्यावर माझा हात पर्सकडे गेला. कांडी लोखंडाची असते, पाण्यातील क्षारांमुळे वीज वाहते, त्या विजेने लोखंड विरघळून गंज होतो, आणि आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरतच नसल्याने तेथे काहीच घडत नाही, हे मुलाने रात्री जेवताना समजावून सांगितले. तोवर पावती फाडून झाली होती.

यंत्राच्या बाजूने सांगायचे तर बांधणी मजबूत आहे, आवाज फारसा नाही आणि पाण्याला कसलाही वास येत नाही. चव मात्र बेचव. वरणसुद्धा पूर्वीसारखे लागत नाही, असे सासूबाईंचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. मुलाने टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) मोजणारे मीटर आणून मोजले, तेव्हा नर्मदेच्या नळाचे पाणी २१० भरले, आमच्या बोरिंगचे ९४० आणि यंत्रातून निघालेले २८. भारतीय मानकानुसार ५०० पर्यंतचे पाणी पिण्यास योग्य मानले जाते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश केंद्राला दिले होते, ही गोष्ट दुकानात कोणी काढली नाही.

मग मी नाली­कडे जाणारी, यंत्राच्या टाकाऊ पाण्याची बारीक नळी काढून बादलीत सोडली. एक लिटरचा तांब्या भरेपर्यंत बादलीत जवळजवळ तीन लिटर पाणी जमा झाले होते. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात हे दृश्य बघवत नाही.

त्यातही हे पाणी साधे नाही. मंडलेश्वरजवळ जलूद येथे ते नर्मदेतून उचलले जाते, टप्प्याटप्प्याने पंप करून अर्ध्या किलोमीटरहून अधिक उंची चढवत विंध्याच्या माथ्यावर वांचू पॉइंटपर्यंत आणले जाते आणि तेथून पुढे उताराने शहरात उतरते. एकूण अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. नर्मदेचे पाणी मिळावे म्हणून झालेल्या १९७० च्या आंदोलनानंतर ही योजना मंजूर झाली आणि १९७८ मध्ये पाणी इंदूरला पोचले. सासूबाई त्या काळच्या हंड्यांच्या रांगा अजून सांगतात. या पंपांची वीज इतकी महाग पडते, की जलूदजवळ ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोख्यांतून (पर्यावरणपूरक कामासाठी लोकांकडून घेतलेल्या कर्जातून) २४४ कोटी रुपये उभे केले.

शिवाय ते वाट्याचे पाणी आहे. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने नर्मदेचे २८ दशलक्ष एकर-फूट पाणी चार राज्यांत वाटले. मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. (माझे माहेर नंदुरबारचे, त्यामुळे हा शेवटचा आकडा विसरता येत नाही.) आणि इंदूर नर्मदेच्या खोऱ्यात नाहीच. येथील सांडपाणी कान्ह नदीतून क्षिप्रेत, तेथून चंबळ आणि यमुनेमार्गे गंगेला मिळते. म्हणजे जे पाणी खंबातच्या आखाताला जायचे, ते घाट चढवून आणून, माझ्या स्वयंपाकघरातील त्या बारीक नळीतून न वापरताच बंगालच्या उपसागराच्या वाटेला लावले जात होते.

म्हणून माझे मत असे: ज्यांच्या वसाहतीत केवळ बोरिंग आहे आणि मीटर हजाराच्या आसपास दाखवतो, त्यांनी हे यंत्र अवश्य घ्यावे, तेथे ते उत्तम काम देते. नर्मदेची जोडणी असलेल्यांनी आरओ नसलेले, यूव्ही-यूएफचे यंत्र घ्यावे. जंतूंचा बंदोबस्त करायलाच हवा, कारण जलवाहिनी कोठे फुटेल याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात पाणी गढूळ येते तेव्हा यूव्हीचा प्रकाश नीट पोचत नाही, त्यामुळे आधीची गाळणी वेळेवर बदलावी लागते.

दुकानदाराने यंत्र बदलून देण्यास नकार दिला. शेवटी प्लंबरला बोलावून आरओ बोरिंगच्या नळाला जोडून घेतला. नर्मदेच्या नळाला पाणी नसते त्या दिवशी तो चालतो. त्याचे टाकाऊ पाणी खारट असल्याने कुंड्यांना चालत नाही, फरशी पुसायला चालते. नर्मदेच्या नळाला पाच हजारांचे साधे यूव्ही यंत्र बसवले असून त्याला मागे बारीक नळी नाही.