इनडोअर शेतीच्या सेटअपला पैसे देण्याआधी हे वाचा

आधी आकडा सांगते. गेले 2,40,000 रुपये, परत आले 2,750.

आम्ही सांगलीचे. 2019 च्या महापुरात तळमजला बुडाला, तेव्हापासून कामाचं काही खाली ठेवायचं नाही असं घरात ठरलंय. म्हणून 2024 च्या जानेवारीत ‘घरातच लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) लावा, मातीऐवजी टाकीतल्या पाण्यावर, माल आम्ही उचलू’ म्हणणारा माणूस आला, तेव्हा त्याला वरची 10 बाय 12 ची खोली दाखवली. डोक्यावर थेट स्लॅब, दिवसभर ऊन. तो म्हणाला, "एकदम परफेक्ट, ताई." तिथंच संशय यायला हवा होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, मेथीला कधी कुणी पंखा लावलेला बघितलायस का?" मी हसण्यावारी नेलं.

त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. चकचकीत अस्तराचा तंबू, वर एलईडी, कोपऱ्यात एक्झॉस्ट, आत सगळं हिरवंगार. 100 च्या स्टॅम्पवर करार, किलोला 250 रुपये भाव, निम्मे पैसे आधी. फेब्रुवारीत लावलेली पहिली खेप छान आली. त्यानं 11 किलो माल उचलला, रोख पैसे दिले, आणि दुसऱ्याच दिवशी मी उरलेले 1,20,000 भरले. पहिली खेप ते स्वतः घेतात ती ह्यासाठीच.

एप्रिलमध्ये बाहेर 39-40 अंश. भिंतीवरचा मीटर मात्र 27 दाखवायचा. आणि रोपं? दुपारी माना टाकायची, गड्ड्याच्या आतली कोवळी पानं कडेनं तपकिरी व्हायची, जणू कुणी उदबत्तीनं चटके दिलेत. टाकीतलं पाणी कोमट, मुळं बुळबुळीत आणि कुजका वास. फोन केला तर म्हणाला, कॅल्शियम कमी पडतंय, आणि 1,800 ची बाटली पाठवली.

माझा मुलगा डिप्लोमाला आहे. सुट्टीत आला आणि मीटरची काळी वायर हातानं चाचपत मागं गेला. तिचं टोक कूलरच्या ओल्या जाळीत खोचलेलं! ‘क्लायमेट युनिट’ म्हणून 65,000 ला लावलेलं ते यंत्र पुढचं झाकण काढल्यावर साधा डेझर्ट कूलर निघालं. 350 चा थर्मामीटर आणून पानांच्या उंचीवर टांगला, तर 36. बंद खोलीतला कूलर हवा गार कमी करतो, दमट जास्त. कॅल्शियम पाण्याबरोबर पानात चढतं, आणि पानातून पाणी उडालं तरच पाणी चढतं. दमट, साचलेल्या हवेत आतल्या पानांपर्यंत ते पोचतच नाही. बाटल्या ओतून काय होणार? टाकीचंही तसंच, पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मुळं सडतात.

मग पंखा. पोरानं एक्झॉस्टसमोर उदबत्ती धरली. धूर थोडा तिकडं झुकला आणि सरळ वर गेला. पंख्यावर ‘400 सीएफएम’चा स्टिकर होता, म्हणजे मिनिटाला 400 घनफूट हवा. नखानं खरवडला तर खाली कंपनीचा छापील आकडा, 190. खोली 1,200 घनफुटांची, म्हणजे सगळी हवा एकदा बदलायला तीनऐवजी सहा मिनिटांच्या वर. त्यात हवा आत यायला वाटच नाही, दाराला रबराची पट्टी मारलेली. बाहेर टाकलेली हवाही जिन्यातच घुटमळायची. त्याच्यापुढं वर कोळशाचा फिल्टर, 9,000 चा. तो हवेला आणखी अडवतो. कशाला लागतो म्हणून शोधलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा तंबू, हा पंखा, हा फिल्टर, सगळा सेटच गांजाच्या झाडांसाठीचा. कॅनडात 2018 पासून ते कायदेशीर आहे, आपल्याकडं 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानं घरात लावणं हा गुन्हा. फिल्टर असतो तो त्याचा वास मारायला. लेट्यूसला कसला आलाय वास!

आणि तिकडं कॅनडात बाहेरची हवा वर्षातले बरेच महिने गार असते, म्हणून एक्झॉस्ट लावला की खोली निवते. आपल्याकडं एप्रिलमध्ये तोच पंखा 39 ची हवा आत ओढणार. पंखा कितीही मोठा घ्या, खोली बाहेरच्या हवेपेक्षा गार होत नाही. ‘एलईडी तापत नाही’ हीसुद्धा थापच. माझे दिवे एकूण 800 वॅटचे होते. बंद खोलीत त्यांची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, प्रकाशसुद्धा.

दुसरी खेप त्यानं ‘ए ग्रेड नाही’ म्हणून नाकारली. करारात ते बारीक अक्षरात होतंच. मेमध्ये फोन बंद. पोलीस चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ‘धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही’ असं समोरचा म्हणणारच. पण स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू कायद्यात ‘धंद्यासाठी’ धरलेली नाही, ते अर्जात स्पष्ट लिहा. मी पावत्या, स्टिकर खरवडलेल्या पंख्याचा फोटो आणि कूलरमधल्या वायरचा व्हिडिओ जोडलाय. युनिट उघडण्याआधीचा व्हिडिओ मात्र घेतला नाही, ती चूक तुम्ही करू नका.

गेल्या आठवड्यात कराडच्या बहिणीनं एक जाहिरात पाठवली, "हे चांगलं आहे का गं?" म्हणून. कंपनीचं नाव वेगळं, भाव किलोला 300. फोटोतली खोली माझीच आहे. खिडकीशी सासूबाईंची पापडाची परात दिसतेय.