गोड्या पाण्याची टाकी खारी केली: सम्प आणि ओव्हरफ्लोसोबतचे १४ महिने

चार फुटांची टाकी सहा वर्षं गोड्या पाण्यावर चालली आणि मग तीच खारी केली. त्याला आता १४ महिने झाले. सम्प म्हणजे टाकीखालच्या कपाटातली दुसरी टाकी, आणि ओव्हरफ्लो म्हणजे वरचं पाणी कडेवरून डब्यात सांडून तिच्यात खाली सोडायची सोय. पहिले पाच महिने टाकीच्या कडेवर टांगायचा ओव्हरफ्लो होता, पुढचे नऊ काचेला भोकं पाडून बसवलेला. दोन्हींवर मासे जगवलेत, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते. दिवे, मीठ, कोरल यांत शिरत नाही. पाणी वरून खाली कसं जातं आणि परत वर कसं येतं, एवढंच सांगायचं आहे.

मापं आधी देते, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. टाकी १२० × ४५ × ५० सेंमी, सम्प ७५ × ३८ × ४० सेंमी. म्हणजे टाकीत पातळी एक सेंटीमीटर हलली की ५.४ लिटर पाणी हललं. सम्पमध्ये एक सेंटीमीटर म्हणजे जेमतेम २.८५ लिटर. हे दोन आकडे मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले आहेत.

गोड्या पाण्यात कॅनिस्टर फिल्टरबद्दल (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) माझी काही तक्रार नव्हती. पण खाऱ्यात प्रोटीन स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) हवा आणि तो ठेवायला जागा हवी. शिवाय टाकीतून उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. माझ्याकडे दिवसाला साधारण चार लिटर उडतात. चार दिवस भर घातली नाही तर ३५ पीपीटीवरची (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता ३७ वर जाते, हे मी रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिलं आहे. सम्प असला की टाकीतली पातळी ओव्हरफ्लोच्या कडेला बांधलेली राहते आणि सगळी घट सम्पच्या शेवटच्या कप्प्यात, म्हणजे जिथून रिटर्न पंप पाणी परत वर नेतो तिथे, दिसते. तिथे फ्लोट (पातळी उतरली की पाणी सोडणारा तरंगता स्विच) लावला की आरओचं पाणी आपोआप भरलं जातं. १४ महिन्यांत सम्पने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही स्थिरता आहे. दुसरी म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरचा तेलकट थर गेला. कडेवरून पाणी सतत सांडत असल्यामुळे तो साचतच नाही, आणि वरचं पाणी मोकळं असलं की ऑक्सिजनही नीट मिसळतो.

जुन्या कॅनिस्टरमधल्या जिवाणूंच्या भरवशावर राहू नका. मला खडक टाकून सायकल, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे जिवाणू वाढवणं, पहिल्यापासून करावी लागली. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला सहा आठवडे लागले. आणि जुन्या टाकीत कधी तांबं असलेलं औषध घातलं असेल तर तीच टाकी वापरायच्या आधी नीट विचार करा, कारण गोगलगाई, कोळंबी आणि कोरल यांना थोडंसं तांबंही सोसत नाही. मी ते कधी वापरलं नव्हतं.

आता टांगायच्या ओव्हरफ्लोबद्दल. भरलेल्या टाकीला भोक पाडायची हिंमत होत नव्हती म्हणून तो घेतला. टाकीच्या आत एक डबा, बाहेर एक डबा, आणि कडेवरून दोघांना जोडणारी उलट्या यू आकाराची नळी. ती नळी पाण्याने पूर्ण भरलेली असते तोवरच सायफन चालतो. पाण्याबरोबर येणारे बारीक बुडबुडे नळीच्या माथ्यावर जमतात. वेग पुरेसा असेल तर ते वाहून जातात, नाहीतर साठत राहतात. पहिले काही महिने मी दर आठवड्याला नळी तपासून हवा काढत असे. पाचव्या महिन्यात प्रवासामुळे दोन आठवडे राहून गेलं आणि एका रात्री सायफन तुटला.

पुढे जे झालं ते प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला फार वाटतं. खाली येणारं पाणी थांबलं, पण रिटर्न पंप चालूच होता. सम्पच्या शेवटच्या कप्प्यातले २२ लिटर त्याने वर चढवले. टाकी काठापर्यंत भरायला तीन सेंटीमीटर शिल्लक होते, म्हणजे १६ लिटर. इथपर्यंत सहा लिटर सांडले असते आणि पंप कोरडा पडला असता. पण शेवटच्या कप्प्यातली पातळी उतरली हे फ्लोटने पाहिलं आणि त्याला ते बाष्पीभवन वाटलं. म्हणून त्याने २० लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन पूर्ण ओतला, आणि पंपाने तेही वर नेलं. सकाळी २५ लिटरच्या आसपास खारं पाणी जमिनीवर होतं आणि टाकीतली क्षारता ३३ च्या खाली आली होती. मासे वाचले. दोन गोगलगाई गेल्या, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सम्प घेताना गणितं दोन करायची. वीज गेली तर वरचं किती पाणी खाली येईल, आणि ते सम्पमध्ये मावेल का? हे गणित बहुतेक जण करतात. दुसरं सहसा राहून जातं. खाली जायचा रस्ता बंद झाला तर खालचं किती पाणी वर जाईल, आणि ते टाकीत मावेल का? रिटर्नचा कप्पा अधिक भर घालायच्या पाण्याचा कॅन ही बेरीज टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेपेक्षा कमीच असली पाहिजे. आता माझा कप्पा मध्ये काच सरकवून ११ लिटरचा केला आहे आणि कॅन पाच लिटरचा. टाकीत तेवढंच तीन सेंटीमीटर मोकळं ठेवते, म्हणजे १६.२ लिटर, आणि बेरीज त्याच्या आतच राहते. कॅन रोज भरावा लागतो. तो त्रास मी आनंदाने घेते.

पहिल्या गणितातही मी चुकले होते, सुदैवाने साध्या पाण्याच्या चाचणीत. परत येणाऱ्या पाइपचं तोंड पाण्याखाली दहा सेंटीमीटर होतं. पंप बंद केला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढतो. दहा सेंटीमीटर म्हणजे ५४ लिटर. सम्पमध्ये मोकळी जागा होती ५७ लिटरची, पण पाइपमधलं आणि ओव्हरफ्लोच्या डब्यातलं पाणी मी धरलंच नव्हतं. काठाला पाणी आलं तेव्हा पाइप हाताने उचलून हवा आत घेतली. आता तोंड पृष्ठभागाखाली दोन सेंटीमीटरवर आहे आणि पंप बंद केला की सम्प पाच-सहा सेंटीमीटर चढून थांबतो. मधे चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावायचा सल्ला मिळाला होता, पण खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुनखडीची पुटं आणि बारीक किडे बसतात. ज्या दिवशी त्याची गरज पडेल त्याच दिवशी तो अडकेल, म्हणून लावला नाही.

पाणी सांडल्यानंतर भोकं पाडायचं ठरलं. मासे आणि खडक तीन दिवस मोठ्या टबांमध्ये, हीटर आणि पॉवरहेड (पाणी फिरवत ठेवणारा छोटा पंप) लावून ठेवले. काच टफन केलेली असेल तर ड्रिल लागताच तिचा चुरा होतो, म्हणून आधी ते तपासलं. काचेच्या एका बाजूला लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरला आणि दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगल लावून पाहिलं. टफन काचेत गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात. तळाच्या काचेत दिसले, मागच्या काचेत नाहीत. भोकं मागच्या काचेला पाडली. हिऱ्याची कड असलेला ४५ मिमीचा कटर, भोवती प्लॅस्टिसिनचं आळं, त्यात सतत पाणी, आणि काचेवर जोर अजिबात नाही. तुकडा निसटून पडू नये म्हणून मागून चिकटपट्टी. भाऊ पाणी सोडत होता, ड्रिल माझ्या हातात. एका भोकाला वीस मिनिटं लागली. ही घाई करायची जागाच नाही. बल्कहेडचं (भोकात पाइप बसवायचा सांधा) रबर आतल्या, म्हणजे पाण्याच्या बाजूला, आणि नट फक्त हाताने घट्ट.

दोन पाइपांची हर्बी पद्धत केली. एका पाइपवर गेट व्हॉल्व्ह (बऱ्याच फेऱ्यांत हळूहळू बंद होणारा), त्यातून पूर्ण भरलेला सायफन. दुसरा पाइप वर उघडा, केवळ अडचणीसाठी. एकाच पाइपातून हवा आणि पाणी एकत्र पडलं की होणारी गुरगुर यात नाही. व्हॉल्व्ह असा जुळवायचा की दुसऱ्या पाइपात अगदी बारीकशी धार जाईल. आधी मी बॉल व्हॉल्व्ह (पाव फेरीत पूर्ण बंद होणारा) लावला होता, त्यावर हे जुळेच ना. केसाएवढा फिरवला तरी डब्यातलं पाणी एकतर चढायचं, नाहीतर उतरायचं. गेट व्हॉल्व्हवर अर्ध्या दिवसात जमलं. पाइपात शेवाळाचा थर धरतो, त्यामुळे दर दोन महिन्यांनी थोडा फिरवावा लागतो.

एका गोष्टीने मात्र आठवडाभर छळलं. वीज जाऊन आली की सायफन पुन्हा सुरूच होत नसे. सगळं पाणी धो धो आवाज करत दुसऱ्या पाइपाने जाई. कारण सायफनच्या पाइपचं खालचं टोक सम्पमध्ये बारा सेंटीमीटर बुडलेलं होतं आणि पाइपातल्या हवेला बाहेर ढकलायला पाण्याचा जोर पुरत नव्हता. पाइप कापून टोक पाण्याखाली अडीच सेंटीमीटरवर आणलं. आता दोन मिनिटांत हवा निघते आणि शांत होतं.

पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलेलं आहे. १.३ मीटर उंची आणि चार कोपरे पार करून वर पोचतात साधारण १३०० (दहा लिटरची बादली २८ सेकंदांत भरते). सम्पसाठी एवढा वेग पुष्कळ आहे, टाकीतली लाट पॉवरहेडने करायची. जास्त वेग केला तेव्हा फक्त आवाज आणि बारीक बुडबुडे वाढले.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) तीन-चार दिवसांनी बदलून धुवावा लागतोच. उशीर झाला की तो भरून वरून वाहतो आणि त्याचा काही उपयोग राहत नाही. कपाटात मिठाची पांढरी पुटं धरतात, म्हणून प्रत्येक वायर आधी खाली झुकवून मग प्लगकडे नेली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जात नाही. ओव्हरफ्लोच्या डब्याला कंगवा (मासे अडवणारी दात्यांची पट्टी) लावायच्या आधी एक छोटा गोबी मासा दोनदा आत पडला. आणि सम्प कपाटात ठेवल्यानंतर मधला खांब बसवला, त्यामुळे सम्प आता बाहेर निघत नाही. एखादा सांधा सुटला तर तिथेच वाकून काम करावं लागेल.

पुन्हा करायचं झालं तर तिसरं भोकही पाडेन, म्हणजे बीनॲनिमल पद्धतीचे तीन पाइप होतील. तोवर महिन्यातून एकदा मी दोन चाचण्या करते. पंप बंद करून सम्प किती चढतो ते पाहते. मग पंप चालू ठेवून गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करते आणि डब्याजवळ उभी राहते. गेल्या रविवारी डब्यातलं पाणी उघड्या पाइपच्या तोंडापर्यंत चढलं, खळखळ सुरू झाली, टाकीची पातळी जेमतेम एक सेंटीमीटर वर आली आणि तिथेच थांबली. दहा मिनिटं पाहिलं, व्हॉल्व्ह पुन्हा खुणेवर आणला.