जुन्या हवेलीत ऑफिस: आख्खी जुनी की नुसती पुढची भिंत जुनी?

जुन्या हवेलीत ऑफिस घ्यायचं म्हटलं की दोन प्रकार समोर येतात, एक म्हणजे आतल्या खोल्या बऱ्यापैकी तशाच ठेवलेल्या आणि दुसरा, रस्त्याकडची भिंत जुनी, मागे सगळं नवीन. लंडनमधलीच बघा ना, स्पेन्सर हाऊस १७५६ ते १७६६ मध्ये बांधलं, पुढे तिथे ऑफिसं आली आणि १९८०च्या दशकात एका फायनान्स कंपनीने आतलं घर पुन्हा उभं केलं. अर्थात मूळ फायरप्लेस युद्धाच्या वेळी काढून गावाकडच्या घरी नेलेले, त्यामुळे इथे कॉप्या बसवल्या, तेव्हा कोणी ‘सगळं ओरिजिनल’ म्हणालं तर जरा दमानं घ्या. याउलट तिथल्याच पॅल मॅल रस्त्यावरचं शॉम्बर्ग हाऊस. चित्रकार गेन्सबरो १७७४ पासून १७८८ मध्ये वारेपर्यंत तिथे राहायचा, पण १९५०च्या दशकात दर्शनी भाग ठेवून मागे नवीन ऑफिस बांधलं, त्याची खोली शोधायला गेलात तर काही हाती लागणार नाही.

मी दोन्ही प्रकारच्या ऑफिसात बसलोय. सोय बघाल तर दुसराच, लिफ्ट, एसी, केबल कुठूनही न्या. पहिल्यात पॅसेज हा प्रकारच नाही, एका दिवाणखान्यातून पुढच्यात, त्यामुळे मीटिंग चालू असताना मागून कोणीतरी सॉरी सॉरी म्हणत बाथरूमला जाणार. शिवाय इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असेल तर साधं पार्टिशन टाकायलाही परवानगीच्या मागे पळा.

तरी मी पहिलं घेतलं, आणि कारण म्हणजे खिडकी. जुने मजले उंच, नव्या मालकाला त्याच उंचीत जास्त मजले बसवायचे, मग स्लॅब सरळ खिडकीच्या मधून जातो. त्या दुसऱ्या प्रकारच्या ऑफिसात माझ्या वाट्याला खिडकीचा वरचा अर्धा भाग आला, जमिनीपासून सुरू आणि कमरेपाशी संपलेला. खुर्चीत बसलं की समोर कोरी भिंत, दुपारचं ऊन फक्त बुटांवर, आणि उघडायची सोय नाही कारण उरलेली अर्धी खालच्या भाडेकरूकडे. बाहेरून लोक थांबून फोटो काढायचे आणि आत आम्ही भर दिवसा ट्यूबलाइट लावून बसलेलो! याचा इतका वैताग येईल असं वाटलं नव्हतं, पण रोज आला.

आता सगळीकडे असंच असतं असं नाही, काहींनी मजल्यांची लेव्हल खिडक्यांशी नीट जुळवलेली असते. आणि दिवसभर फोनवर खासगी बोलणं असेल, वकिली वगैरे, तर दुसराच प्रकार बरा. बाकीच्यांनी जागा बघायला गेल्यावर आधी छताची नक्षी बघू नका, खुर्ची मागून घ्या, बसा, आणि रस्ता दिसतोय का ते बघा.